ओलं झालं तरच

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि कोणालाच काही कळत नाही, म्हणून लिहितो आहे.

खेकडा तयार झाला. या आठवड्यात टेम्पो येईल, त्यात एक मोठं लाकडी खोकं असेल. ते तुमच्या पुढच्या खोलीत ठेवून घे. भावोजींनी आणि त्यांच्या बोटीच्या कप्तानांनी खेकडा नीट बघावा आणि हे यंत्र आम्हाला हवं आहे, एवढं अनुदान समितीला लिहावं. वापरणाऱ्यांचं मत असल्याशिवाय समिती अर्ज पुढे सरकवत नाही.

भावोजी तुला काही सांगत नसतील, म्हणून मी सांगतो. समुद्रातल्या पवनचक्कीच्या मनोऱ्याला बोट नाक टेकवून उभी राहते. समोर शिडी असते. डेकवरून त्या शिडीवर पाऊल टाकायचं. नेमकी तेव्हाच लाट आली की बोट मागे सरते आणि पाऊल हवेत राहतं. बोटीच्या नाकावर बसवलेला खेकडा मनोऱ्याचा पाइप दोन हातांनी धरतो. मग बोट वरखाली होते, पण दूर जात नाही. एवढंच. एवढ्यासाठी माझे केस गेले.

एक गोष्ट मात्र भावोजींना बजावून सांग. खेकडा समुद्रावर वापरायचा नाही. समुद्रावरच्या चाचणीसाठीच तर अनुदान मागितलं आहे, आणि मंजुरीच्या आधी काम सुरू झालं तर अर्ज बाद होतो. ह्या नियमामागचं डोकं कोणाचं ते मला माहीत नाही. नियम पाठ आहे.

लोभ असू दे. खोक्याने खोली अडवली तरी असू दे.

तुझा,
बारकू


१८ मार्च

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जनावर पोचलं. चार माणसांनी आत आणलं आणि जाताना दाराची चौकट खरवडून गेली. सध्या त्याच्या एका हातावर टॉवेल वाळतात आणि दुसऱ्यावर ह्यांची टोपी असते. तुझी भाची त्याला खाली वाकून गुड मॉर्निंग म्हणते.

कप्तान येऊन बघून गेले. बराच वेळ नुसते भोवती फिरत होते. मग म्हणाले, पोराने समुद्र पाहिलेला दिसतोय. मी म्हटलं, नाही हो, त्याला आंघोळीचासुद्धा कंटाळा. पण त्यांना आवडला आहे. पत्र लिहितो म्हणाले.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. परवा हे नडगी सोलून घरी आले. विचारलं, तर म्हणाले, जिन्यावर लागलं. आपल्या घराला जिना नाही. मग जेवताना स्वतःच म्हणाले की शिडीवर पाय सरकला होता, पण ते घसरणं नव्हे. त्यांच्या बोटीवर अशी रीत आहे म्हणे, माणूस ओला झाला तरच घसरला. कोरडा राहिला तर काही झालंच नाही. धक्क्यावर एक पाटी आहे, ज्या बोटीवर अपघात नाही तिचं नाव सगळ्यात वर. ह्यांच्या बोटीचं नाव कित्येक वर्षं वरच आहे. त्या पाटीसाठी हे सगळे जण जिन्यावरून पडतात.

त्यामुळे तुझा तो नियम त्यांना सांगितला आहे, पण त्यांनी तो कितपत ऐकला ते तूच ताड. मला एवढंच कळतं की खेकडा माझ्या खोलीत उभा आहे आणि हे रोज त्याच्या शेजारून कामाला जातात.

माया आहेच. जेवत जा.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

समितीचं पत्र आलं. भाषा गोड आहे. कल्पना कौतुकास्पद, आराखडा उत्तम. मात्र संबंधित बोटीवर गेल्या काही वर्षांत एकाही अपघाताची नोंद नाही, त्यामुळे यंत्राची गरज सिद्ध होत नाही. महिनाअखेरपर्यंत पुरावा द्यावा.

मी समितीच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथे अर्ज बघणाऱ्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्यांना नडगीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, मला पटतंय हो, पण नडगी अर्जाला जोडता येत नाही.

ताई, भावोजींना सांग की सरकलेले पाय लिहून द्या. ओले, कोरडे, सगळे. पाटीवरचं नाव खाली आलं तर येऊ दे. कार्यशाळेच्या मालकाने ह्या महिन्यानंतर जागा सोडा म्हणून सांगितलं आहे, पण ते राहू दे. मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. माणूस वाचवायचं यंत्र माझ्याकडे आहे, आणि ते पास होण्यासाठी आधी कोणीतरी पडलेलं असावं लागतं. पडतातही. मग लपवतात.

चिडून लिहिलं. सांभाळून घे.

बारकू


२१ एप्रिल

चि. शास्त्रज्ञास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या ताईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. माझ्याकडे बघत वाचलं, त्यामुळे नीट ऐकू आलं.

पाय सरकल्याचं लिहून द्यायला आमची पोरं तयार नाहीत. मीही नव्हतो. एकाने लिहिलं की बाकीचे खोटे ठरतात. पण काळजी करू नकोस, त्याहून पक्का पुरावा आम्ही थेट तुझ्या समितीला पाठवला आहे.

झालं असं. खेकड्याची भोकं आमच्या बोटीच्या नाकाला जुळतात का, ते बघायला कप्तानांनी तो धक्क्यावर मागवला. जुळली. बोल्ट कसून पाहिले आणि काढायच्या वेळी क्रेन दुसऱ्या बोटीवर गेली. म्हणून तो तसाच राहिला आणि आम्ही कामावर गेलो. दुपारी वारा फिरला. मनोऱ्यावर आम्ही पाच जण होतो आणि खाली बोटीचं नाक टिकेना. कप्तानांनी दोनदा पुढे आणली, दोनदा मागे गेली. तिसऱ्यांदा त्यांनी खेकडा लावला. बोट धरली गेली. आम्ही पाचही जण बाजारात उतरावं तसे उतरलो. माझे बूटसुद्धा कोरडे.

कप्तानांनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. तारीख, वारा, लाट, सगळं. खाली सहा सह्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बोटीने कागदावर काही कबूल केलं. आता तुझे साहेब काय म्हणतात बघू.

मेहुण्यावर लोभ ठेव. पेढ्यांची वाट बघतो.

भावोजी


१२ मे

ती. ताईस,

अर्ज बाद झाला. कारण एका ओळीत आहे: मंजुरीपूर्वी काम सुरू केल्याचे अर्जदाराच्याच पुराव्यावरून दिसते. तेच यंत्र, त्याच कामासाठी, पुन्हा विचारात घेतलं जाणार नाही.

मी परत त्या बाईंकडे गेलो. विचारलं, पाच माणसं वरच ठेवायला हवी होती का? त्या म्हणाल्या, समितीने ते पत्र वाचून टाळ्या वाजवल्या. मग बाद केलं.

तुझे यजमान आणि त्यांचे कप्तान, दोघांनाही माझा साष्टांग नमस्कार सांग. जे लिहायचं ते वर्षानुवर्षं लिहीत नाहीत, आणि जे लिहायचं नाही ते सहा सह्या करून पाठवतात. मी बजावलं होतं. तू सांगितलं होतंस. क्रेन दुसरीकडे गेली म्हणे! क्रेन दुसरीकडे गेली म्हणून माझी सगळी मेहनत गेली.

कार्यशाळेचं सामान मित्राच्या गोठ्यात हलवलं आहे. एक म्हैस माझ्या वेल्डिंगकडे बघत असते. समितीपेक्षा लक्ष देऊन बघते.

हे पत्र त्यांना दाखवू नकोस. किंवा दाखव.

बारकू


२३ मे

चि. बारकूस,
आशीर्वाद.

पत्र दाखवलं. हे वाचून उठले आणि टॉवेल काढून खेकड्याजवळ बसले. हो, तो परत घरी आला आहे. ह्यांच्या कंपनीने वापरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो बोटीवरून उतरवायला लावला, प्रमाणपत्र नाही म्हणून. म्हणजे तुझ्या समितीला तो वापरलेला चालत नाही आणि कंपनीला न तपासलेला चालत नाही.

तुझा राग खरा आहे. तरी एक ऐक. कप्तानांची बायको बाजारात भेटली. तिने सांगितलं की त्या दुपारी खेकडा लावायच्या आधी हे शिडीवरून एकदा सुटले होते. एका हाताने लोंबकळत होते आणि खाली बोट नव्हती. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. तुला लिहिलेल्या पत्रातही नाही. का, तर ओले झाले नव्हते ना. मी घरी येऊन भांडी आपटली. नंतर त्या यंत्राच्या लोखंडी हातावर हात ठेवून उभी राहिले. तुला शिव्या देऊ की काय करू, ते कळेना.

सोमवारी हे कंपनीच्या कार्यालयात गेले आणि नोंदवही मागितली. आठवतील तेवढे सगळे सरकलेले पाय लिहिले, जिना खोडून शिडी लिहिली. कप्तानांनी सही केली. बोटीवरच्या आणखी दोघांनी आपापलं लिहिलं, उरलेले दोघं ह्यांच्याशी बोलत नाहीत. पाटीवरचं नाव पार खाली गेलं आहे.

आता ह्याचा तुला काही उपयोग नाही, ते मला कळतं. ह्यांनाही कळतं. उद्या सकाळची बोट आहे. खेकडा इथेच आहे.

ताई


४ जून

ती. भावोजी,
सा. न. वि. वि.

मी जे लिहिलं ते रागाने लिहिलं. अजून राग आहे, पण तो तुमच्यावरचा संपला.

बाईंना विचारलं. तेच यंत्र चालत नाही, वेगळं चालतं. म्हणून वेगळं करतो आहे. दोन हातांऐवजी तीन. तिसऱ्या हाताची काही गरज नाही, पण त्याने ते नवीन ठरतं. तुमच्या नोंदी जोडल्या आहेत. बाईंनी त्या वाचल्या आणि म्हणाल्या, आता गरज सिद्ध होते. पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे.

म्हणजे हा पावसाळा तुम्हाला त्याच शिडीवर काढायचा आहे. मी सगळं करून बघितलं.

नवीन यंत्र तुमच्याकडे पाठवणार नाही. जुनं घरीच राहू द्या, ताईचे टॉवेल वाळतात.

तोवर पाय जपा. सरकला तर त्याच दिवशी लिहा. कोरडे असलात तरी लिहा, आणि कंपनीच्या आधी ताईला सांगा.

तुमचा,
बारकू