चौकटीत आलेले हात

४ जून
आले एकदाची! खोली एवढीशी आहे, पण दार थेट शिवणाच्या खोलीत उघडतं. दृश्य मानववंशशास्त्राच्या, म्हणजे माणसांचं जगणं कॅमेऱ्यात टिपणाऱ्या विद्यार्थिनीला आणखी काय हवं? संशोधनाच्या प्रशिक्षणासाठी सरांनी हेच घर नेमून दिलंय. शिवणकाम करणाऱ्या बाई, त्यांची लेक आणि लेकीचा गुटगुटीत गब्बू, ज्याला अजून रांगताही येत नाही. मी लगेच मावशी, ताई सुरू केलं. कॅमेरा पाहून मावशींनी केस सारखे केले. म्हणाल्या, की सिनेमात घेतलं कुणी, तर राहिलेले ब्लाउज तुझ्या गळ्यात.

७ जून
मावशींचं काजं करणं टिपलं. सुई कापडात शिरते कधी, निघते कधी, कळतच नाही. आमच्या कामाचा दंडक आहे: ज्याचं चित्रण, त्याला ते आधी दाखवायचं. भिंतीवर पडदा लावून त्यावर दाखवलं. मावशी हरखून गेल्या. पुन्हा लाव म्हणाल्या, मग पुन्हा.

९ जून
मावशींनी सुई हातात धरली आणि हिचं काय करायचं, असं मला विचारलं. थट्टाच वाटली. ताईनं हसत सुई ओवून दिली, तरी बोटं हलेनात. मग त्या पडद्यासमोर जाऊन बसल्या. म्हणाल्या, की होतंय की काम तिथं. सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं, वय झालं असेल. अभ्यासकानं मध्ये पडायचं नसतं, टिपत राहायचं.

१२ जून
टिपत राहिले. गब्बू रडतो, ताई उचलते, खांद्यावर टाकते, थोपटते, तो गप्प. इतकं सुंदर दृश्य माझ्या हातून कधी झालं नव्हतं. ते पाहताना ताईचे डोळे भरून आले.

१३ जून
गब्बू केव्हाचा रडतोय आणि ताई पडद्यासमोर. हाक मारली तर म्हणाली, की घेतलंय ना त्याला, दिसत नाही का? मीच उचललं, दूध पाजलं. हे मी केलंय. माझ्या कॅमेऱ्यानं.

१५ जून
सगळं चित्रण पुसून टाकलं. वाटलं, हात परत येतील. नाही आले. दोघी कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्यात — हसतायत.

१६ जून
सरांना बोलावलंय. दुसरं कोण येणार? गब्बू माझा खांदा सोडत नाही. या घरात त्याला घेणारे हात आता फक्त माझे —

१७ जून
सर आले. कॅमेरा घेऊनच. बंद करा म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, अभ्यासकही चौकटीत हवा, नाहीतर काम अपुरं. गब्बू रडून निळा पडला होता. उचलायलाच हवं होतं ना?
उचललं. त्यांनी टिपलं.

१८ जून
रडतोय. पाळण्याशी उभी आहे. हात कुठून घालायचे? आधी डोकं, की —
सर म्हणतात, पडद्याकडे बघ. नाही बघणार.
आवाज बसलाय त्याचा. कुणीतरी — ताई —
बघितलं.
मी घेतलंय त्याला. किती छान घेतलंय. गप्प झालाय तो. मग हे कोण रड