लेन सुटायच्या चार सेकंद आधी

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची वाळवंटातल्या कलामाला. वाल्दिव्हियाच्या पावसात बारा महिने ओले मोजे घालून वाढलेल्या मला इथलं कोरडं ऊन म्हणजे चंगळ वाटते. सकाळी वाळत घातलेला टॉवेल केस विंचरेपर्यंत कडक झाला होता. घरमालकिणीने संध्याकाळच्या चहाबरोबर गरम पाव आणि कुस्करलेला अवोकाडो दिला, वर माझ्या हडकुळ्या मनगटांची मनसोक्त थट्टा केली.

काम मनासारखं आहे. तांब्याच्या खाणीत कामगार नेणाऱ्या बसगाड्यांत आमचं यंत्र बसवलंय. एक कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो, दुसरा ड्रायव्हरचे डोळे आणि हात. गाडी लेनबाहेर जाणार असेल तर ते चार सेकंद आधी ओळखतं आणि ड्रायव्हरची सीट थरथरते. कोणता इशारा खरा आणि कोणता फुकाचा, हे रेकॉर्डिंग पाहून मी ठरवायचं. चार सेकंदांत माणूस सावरतो आणि सुखरूप घरी जातो. शिकल्याचं चीज झालं म्हणायचं.

गुरुवार, ६ मार्च

आज नोल्बेर्तोकाकांच्या बसमधून खाणीपर्यंत गेले. साठी उलटलेला माणूस, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, तोंड अखंड चालू. म्हणाले, इतकी वर्षं बायकोने, एदेल्मीराने, माझ्यावर नजर ठेवली, आता तुझं यंत्र ठेवणार. निदान ते मला जेवताना तरी बोलत नाही.

खाणीचा सरळसोट रस्ता कंपनीच्या मालकीचा. मध्येच उजव्या कडेला एक आनिमिता आहे, म्हणजे खुराड्याएवढं पत्र्याचं निळं घर, आत मेणबत्त्या आणि पाण्याच्या बाटल्या. सेगुंदो नावाचा ट्रकवाला तिथे मेला. रस्त्यात अचानक मेलेल्याचा जीव तिथेच घुटमळतो, म्हणून त्याला घर. शेजारून जाताना प्रत्येक ड्रायव्हर एका हाताने हॉर्न वाजवतो आणि दुसऱ्याने छातीवर क्रूस काढतो. स्टिअरिंग क्षणभर मोकळं राहतं, बस कडेला सरकते, सीट थरथरते. यंत्र अगदी बरोबर बोलतं. मला हसू आवरेना.

मंगळवार, १८ मार्च

हसू जिरलं. कंपनीचा नियम आज कळला: तीन खरे इशारे झाले की ड्रायव्हर घरी. मी समजत होते यंत्र जीव वाचवायला आणलंय. खाणकंपनीच्या उर्सुआसाहेबांना ते माणसं काढायला हवंय.

काकांचे दोन मीच खरे ठरवलेत, आता खोटं लिहावं तर साहेब स्वतः रेकॉर्डिंग तपासतात, आणि काकांची निवृत्ती तोंडावर आलीय. हॉर्न नका वाजवू म्हणून त्यांना विनवलं, तर म्हणाले, मग सेगुंदोला तोंड कसं दाखवू? शेवटी मीच साहेबांना लिहून दिलं की रस्त्याकडेच्या आनिमितांमुळे ड्रायव्हरचं लक्ष उडतं, त्या हलवाव्यात. काकांसाठीच केलं. त्यांनाही ते सांगितलं. म्हणाले, "पोरी, तुझी माया कळते गं. पण त्याला उठवून पाठवणार कुठे?"

सोमवार, २४ मार्च

निळं घर उचललं, शहरातल्या बसडेपोमागच्या भंगारात टाकलं. त्या जागी आज एकही इशारा नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. काका वाचले, एवढंच मला पुरे.

शुक्रवार, २८ मार्च

इशारे पुन्हा सुरू झालेत. जुन्या जागी नाहीत, शहराच्या बाजूला, अलीकडे. काल होते त्याहून आज आणखी जवळ.

रेकॉर्डिंग पाहिली. भर दुपार, रिकामा रस्ता, ड्रायव्हरचे डोळे टक्क उघडे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि इथे वाहतूक उजवीकडून असूनही प्रत्येक जण डावीकडे घेतो, समोरच्या गाड्यांच्या लेनमध्ये. उजव्या कडेने चालणाऱ्याला वाट द्यावी तसं. विचारलं तर कुणाला आठवत नाही. फक्त एक जण म्हणाला, कुणीतरी चालत होतं ना? मला भीती वाटतेय.

मंगळवार, १ एप्रिल

नोल्बेर्तोकाका गेले.

रिकामी बस घेऊन परतत होते. डावीकडे घेतली. समोरून ट्रक. यंत्राने ओळखलं होतं — चार नाही, अकरा सेकंद आधी. रेकॉर्डिंगमध्ये काका हात वर करून कुणाला तरी रामराम करावा तसे हसतात.

साहेब म्हणाले, "अकरा सेकंद. यंत्र सुधारतंय की तुझं." त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. नाही थुंकले.

शनिवार, ५ एप्रिल

काका जिथे गेले तिथे त्यांचं घर ठेवायचं म्हणून एदेल्मीरामावशी कंपनीत गेल्या होत्या. नकार. रस्त्यावर नवीन आनिमिता नाही. कारण म्हणून त्यांना माझंच पत्र वाचून दाखवलं.

मी माफी मागायला गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. काकांसाठी करून घेतलेलं पत्र्याचं घर माझ्या हातांत दिलं. "घर तू उठवलंस. आता हे तूच नेऊन ठेव."

सोमवार, ७ एप्रिल

इशारे आता दोन ठिकाणी. एक चालत चालत डेपोच्या फाटकाशी आलाय. दुसरा काकांच्या जागेवर — तो चालत नाही. उभाच आहे.

आज सकाळची बस फाटकाशी उभी होती. ड्रायव्हर अजून चढलासुद्धा नव्हता. रिकामी सीट थरथरत होती.

साहेबांना सांगितलं, बस सोडू नका. म्हणाले, खाण थांबत नसते.

मंगळवार, ८ एप्रिल

बसमध्ये आहे. ड्रायव्हरच्या मागेच. मांडीवर काकांचं घर. मागे चाळीस कामगार, बरेचसे पेंगतायत.

ड्रायव्हर नवा, सांतियागोचा. त्याला बजावलंय — काही दिसलं तरी सरळ. दिसेल तो मेलेला. मागचे जिवंत आहेत. हसला. हसू दे.

फाटक गेलं. जुन्या निळ्या घराची जागा पुढे आहे, त्याआधी काकांची —

ड्रायव्हरची सीट थरथरतेय. थांबतच नाही.

समोरून ट्रक येतोय. लांब आहे अजून.

तो विचारतोय, बाई, हा कोण मध्येच —

सरळ. सरळ ने.

कडेला नाही. आमच्याच लेनमध्ये, मधोमध. पोट पुढे, हात वर. काका.

मेलेत. मला माहीत आहे, मी माती टाकलीय. एकच शब्द म्हणायचाय, सरळ, मागे चाळीस माणसं —

हसतायत. मला ओळखलं —

त्यांच्या अंगावर कशी — ओरडतंय कोण — मीच — वळव, अरे वळव, डावी—