जिवंत मासा ताजा आहे का

बेलव्ह्यू, अमेरिका, रविवार

तीर्थरूप नंदामावशीस,

तुझ्या भाचीचा, कादंबरीचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना अजून माशाचा वास आहे, म्हणजे तुला ते परके वाटायचे नाहीत). गुडघा कसा आहे? बाजारात खाली बसू नकोस, स्टूल घे, असं मागच्या वेळी म्हटलं तर तू फोनच आईकडे दिलास. म्हणून हे पत्र. हे आईकडे दिलंस तरी ती मोठ्याने वाचून तुलाच ऐकवेल.

सिद्धेशचे वडील, त्र्यंबककाका, पुण्याहून इथे आलेत हे तुला माहीत आहे. आमच्या लग्नाला त्यांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. मुलीला आधी भेटू दे, एवढंच म्हणाले होते. त्यांचं घर असं की चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. सिद्धेशचं म्हणणं होतं की आपण त्यांना 'मावशींचा सी-फूडचा बिझनेस आहे' असं सांगू. मी साफ नाही म्हटलं. मावशी मालवणच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसते, त्या टोपलीवर घरातली पहिली पदवी, माझी, आली, आणि खोट्यावर मला संसार उभा करायचा नाही. पहिल्याच जेवणाला मी सगळं सांगून टाकलं. काका वरणभात कालवत म्हणाले, "असं." पुढचा आठवडा आम्ही दोघं त्या 'असं'चा अर्थ लावत होतो.

तर मावशी, हेच काका इथे मासे धरतात. आयुष्य पाटबंधारे खात्यात धरणांच्या काठावर गेलं, इथे घरात बसून कंटाळले, म्हणून सिद्धेशने त्यांना मासेमारीचं लायसन्स काढून दिलं. गळाला गांडूळ लावत नाहीत (जीवहत्या), तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. मासा लागला की ओल्या हाताने हलकेच सोडवायचा, "माफ कर हं" म्हणायचं आणि पाण्यात सोडून द्यायचा. इथे पुष्कळ लोक असंच करतात. म्हणजे मासा धरून परत समुद्रात टाकणारे लोक तू ज्यांना वेडे म्हणतेस, ते सगळे इकडे राहतात.

काल काका सिद्धेशबरोबर मलाही घेऊन गेले. डोंगर चढून वर एक तळं आहे, ऑगस्टमध्येही काठाला बर्फ. (मी धापा टाकत होते, ते पुढे चालत धरणांची उंची सांगत होते.) तिथे ट्राउट नावाचा मासा मिळतो. अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा, असा देखणा की तू गिऱ्हाइकाला दाखवताना आवाज चढवला असतास. काकांनी मला गळ फेकायला शिकवलं. दोनदा तो सिद्धेशच्या टोपीत अडकला आणि नंतर खरंच मासा लागला. काकांना लागलेल्या सगळ्यांपेक्षा मोठा. काका इतके खूश, की स्वतः जाळी घेऊन पाण्यात उतरले आणि मासा माझ्या हातात दिला.

आणि मावशी, माझ्या हाताने तेच केलं जे तू लहानपणापासून शिकवलंस. अंगठा कल्ल्यात घातला, कल्ला उचलला, आतला लाल रंग बघितला आणि म्हणाले, "ताजा आहे."

सिद्धेश म्हणाला, "यार कादंबरी, तो जिवंत आहे. अजून किती ताजा हवा?"

पण कल्ला फाटला होता. रक्त थांबेना. पाण्यात सोडला तर मासा उताणा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं माशासाठी आणि, खरं सांगते, बरंचसं लग्नासाठी. मग काकांनी तो जाळीत उचलून घेतला आणि म्हणाले, "ह्या तळ्यावरचा मासा घरी नेलेला चालतो. जीव गेलाय तो वाया घालवायचा नाही. तुझ्या मावशीने काय केलं असतं?"

चहासाठी स्टोव्ह होता. तू पाठवलेला मसाला बॅगेत होता (उकडलेल्या बटाट्यांसाठी, शपथ). तेल नव्हतं, तर काकांनी शोभाकाकूंच्या (सिद्धेशच्या आईच्या) कैरीच्या लोणच्याची बाटली पुढे केली. वर तवंग होता, तो वापरला. पातेल्याच्या झाकणावर मासा तळला. वास येऊ नये म्हणून काका वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब दगडावर जाऊन बसले. थोड्या वेळाने बघते तर ते वाऱ्याच्या बाजूच्या दगडावर होते. परत येताना गाडीत म्हणाले, "मुलगी खरं बोलते. माझी हरकत नाही." एवढंच.

तुझी,
कादंबरी

ता.क. काका परत जातायत, हे पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे. न उघडण्याचा त्यांनी शब्द दिलाय. दिवाळीनंतर ते आणि शोभाकाकू बोलणी करायला मालवणला येतील. त्या दिवशी घरात साधं वरणभात-भाजी कर.

ता.ता.क. काका जेवणानंतर मागच्या दाराने 'माड बघायला' जातील. तिथे एक तळलेला बांगडा झाकून ठेव. काटे काढून, कारण काल तिसऱ्या घासाला त्यांना काटा लागला होता. आणि मी खोटं बोलायला सांगते आहे असं समजू नकोस. शोभाकाकूंनी विचारलं तर खरं तेच सांग. फक्त त्यांना विचारायला सुचेल एवढा वेळ देऊ नकोस. तुझ्या गुडघ्याबद्दल बोलत राहा.