सरोवरकाठची मागणी

३ जुलै

ज्याने हे खारे सरोवर थंडीतही गोठू दिले नाही, त्या परम दयाळूचे स्मरण करून लिहितो — इस्सिक-कुलला आलो आहे. लहानपणी दर उन्हाळ्यात ज्या घरी आमचे बिऱ्हाड असे, त्याच घरी. तेव्हाच्या मालकिणीची मुलगी सायकाल आता विधवा; माझीही पत्नी निवर्तली. सायकालला मागणी घालायची आहे. या वयात!

सोबत माझी मुलगी जिपार. रिवाजाप्रमाणे वधूच्या कानी डूल वरपक्षाच्या बाईनेच घालायचे. "बाबा, आईने चांगलं सुनावलं असतं तुम्हाला," म्हणाली — आणि डूल स्वतःच निवडून आणले.

४ जुलै

जर्दाळू पिकले आहेत. किनारा मात्र मागे सरला.

सायकाल परपुरुषाजवळ एकटी बसत नाही. मध्ये तिची म्हातारी आत्या, उम्सुन. आम्ही बोलतो, आत्या घोरते.

"मुल्लाजी, अजून पाण्याला भिता का हो?" तिने विचारले.

"याच तोंडाने मला काठावरचा बेडूक म्हणायचीस!"

केवढी हसली!

५ जुलै

नमाज झाला. धीर झाला नाही.

६ जुलै

चहाच्या वेळी शब्द टाकला. सायकाल लाजली — नाही म्हणाली नाही! जिपारने डूल काढले, तोच आत्या जागी झाली.

"अगं थांब! डूल कसले घालतेस? भाऊ आहे तो तिचा!"

"काहीतरीच काय, आत्या!" सायकाल म्हणाली.

"याची आई तापाने फणफणली होती. हा तान्हा, रडून निळा पडलेला. वहिनीने तुला एका बाजूला घेतलं, याला दुसऱ्या. मी म्हटलं, वहिनी, हा शहरी पाहुणा आपल्या पोरीला उपाशी ठेवील!"

जिपारने डूल मुठीत मिटले.

एकाच स्त्रीचे दूध प्यालेल्यांचा विवाह निषिद्ध — हे मी जन्मभर शिकवले. एकट्या बाईच्या साक्षीवर निवाडा होत नाही, हेही शिकवले. पळवाट होती. सायकाल माझ्याकडेच पाहत होती.

"आत्या खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो.

७ जुलै

सकाळी सायकाल एकटी आली. सरळ माझा हात धरला — भावाचा धरता येतो!

"चल रे दादा, पाण्यात उतरू."

उतरलो.

हे पान ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याचाही हात धरणारे कोणी असो. आमीन.