शेठच्या कानाचं भोक

१४ मार्च, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा ताप उतरला. मूत्रपिंडं अजून रुसलेलीच आहेत, पण काल तिनं चहावरून नर्सला झापलं, म्हणजे काळजी नको.

तू फोन उचलत नाहीस आणि आत्ता दारही उघडलं नाहीस. आत भिंगरीला 'शूऽऽ' केलेलं मला ऐकू आलं हं! लेकीला कशाला गप्प करतोस? म्हणून जिन्यात बसून लिहितेय. फटीतून आत सरकवीन.

आईच्या रक्तातला विषाणू माझ्याच यंत्रावर वाचला. याची जनुकं आरएनएच्या एका सलग दोरीवर नसतात, तीन सुटे तुकडे असतात. एकाच प्राण्यात दोन वाण शिरले, की तुकड्यांची अदलाबदल होते. आईच्या विषाणूचे दोन तुकडे तुमच्या गल्लीतल्या उंदरांचे. तिसरा, विषाणूच्या अंगावरचे काटे घडवणारा, आमच्या प्रयोगशाळेतल्या वाणाचा. तो आमच्या कुलपाबाहेर कुठेच नाही रे! आधी मी माझ्याच हातांवर संशय घेतला, मग मदतनिसावर. मग आठवलं, आमच्या प्राणिघरात प्राणी सांभाळतोस तू, किल्ली तुझ्याकडेच असते.

पाणी कुठे मुरतंय ते भिंगरीनंच सांगितलं, बिचारीला कळलंही नाही. "आत्या, आमच्या शेठच्या कानाला भोक आहे, पण डूल नाही." तू तर म्हणाला होतास, पांढरा उंदीर दुकानातून आणला. दुकानदार ओळखीसाठी कान टोचून देतो का? आपण टोचतो. प्रयोग संपला की त्यांना मारायचं असतं, आणि तुझ्याच्यानं ते होत नाही, मला माहीत नाही का! पिंजरा गॅलरीत ठेवलास ना? सांडलेले दाणे खायला गल्लीतले उंदीर येत असणार.

रागावलेय. खूप. पण त्याहून भीती वाटतेय. भिंगरी त्याला गालाशी धरते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मी प्रमुखांना सांगून आलेय. त्यांची गाडी निघाली आहे. तुझी नोकरी जाईल, ठाऊक आहे मला. पिंजऱ्याला हात लावू नकोस, तिथे झाडू मारू नकोस; लेंड्यांची धूळ नाकात गेली की विषाणू लागतो, गॅलरी झाडताना आईला तसाच लागला असणार. भिंगरीला आधी बाहेर पाठव. शेठ कुठे गेला असं तिनं विचारलं, तर मी सांगेन. तुला सांगावं लागणार नाही.

तू दार उघडेपर्यंत पायरीवरून न हलणारी,
तुझीच ताई