डाव्या खांद्याची बंदूक

मी, आल्मा बर्निस टोर्गर्सन, दिवंगत नील्स टोर्गर्सन यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार विनेट गावाच्या पूर्वेला, मोंटाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डोळे नाहीत. दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध एक करडा डाग बसला आहे. कडेचे सगळे दिसते आणि ज्याच्याकडे बघावे तेच नाहीसे होते. बिलिंग्जच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की पुढच्या वर्षी हे अक्षरही दिसणार नाही, म्हणून ही घाई. ओळ वाकडी गेली असेल तर मी प्यायले होते असा अर्थ कोणी काढू नये.

याआधी लिहिलेली सगळी मृत्युपत्रे मी रद्द करते. ती बहुतेक रागात लिहिलेली होती.

कलम एक. हे घर, गोठा, गाई आणि त्यांचे डाग देण्याचे लोखंड मी माझ्या बहिणीची मुलगी मॅरलिस व्होल्ड हिला देते. नवऱ्याला सोडून ती इथे आली तेव्हा "मावशी, आठवडाभर राहते" म्हणाली होती. त्यानंतर तिने दोन हिवाळे बर्फात उभे राहून माझ्या गाईंची वासरे ओढून काढली. ती परत जाण्याचे बोलत नाही आणि मी विचारत नाही.

कलम दोन. लेफ्सा, म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी, भाजायचा गोल तवा मला फर्न ह्रुस्का हिला द्यायचा होता. ती आमची टपाल आणणारी आणि माझी जुनी मैत्रीण. पण ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि ल्युइसटाउनच्या वकीलबाईंनी मला बजावले आहे की ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नका, पुढे भांडणे होतात. तेव्हा तवा मी आजच, जिवंतपणी, तिच्या गाडीत ठेवणार आहे. हे कलम गेले.

कलम तीन. नील्सचे पाने, पकडी आणि कुंपणाची तार ताणायचे यंत्र मॅरलिसला. नील्सचे खोगीर कोणालाच नाही. ते खुंटीवर राहू द्यावे. त्याच्या घोड्याचा पाय खालच्या शेतात गोफरच्या बिळात गेला आणि मोडला, आणि त्याला गोळी मला घालावी लागली, कारण नील्सचा हात उचलेना. ज्याला गोफर म्हणजे बिळातली गोजिरवाणी खार वाटते त्याने एकदा त्या खोगिराखाली उभे राहून पाहावे.

मी आत्ता उठून खिडकीशी जाऊन आले. वारा सुटला आहे. बसवत नाही.

कलम चार. खालचे लसूणघासाचे शेत. सगळा तिढा इथेच आहे. हे शेत माझे सासरे ओस्कर यांचे. मरताना त्यांनी ते थोरल्याला, म्हणजे नील्सला दिले आणि वरची दगडगोट्यांची कुरणे धाकट्याला, माझ्या दिराला, डेलबर्टला. का, तर ते म्हणायचे, "वसंतात जो गोफर मारून शेत राखेल, शेत त्याचं." नील्स राखायचा. डेलबर्ट त्या वर्षांत रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्यांवर बसायचे खेळ, करत हिंडत होता. आता तो सगळ्यांना सांगतो की नील्स गेला, वहिनी आंधळी झाली, राखणारा कोणी नाही, तेव्हा बापाच्या शब्दाप्रमाणे शेत माझे. न्यायालयात जाईन म्हणतो. जाईलही. टोर्गर्सन लोक हट्टाला कमी नाहीत.

म्हणून मी लिहिते की शेताचा अर्धा भाग डेलबर्टला आणि अर्धा मॅरलिसला. अर्ध्या शेताच्या गवतावर गाई हिवाळा काढू शकत नाहीत, हे मला कळते. त्या विकाव्या लागतील, आणि गाई गेल्या की मॅरलिसही जाईल. पण सगळेच गमावण्यापेक्षा हे बरे.

कलम पाच. नवी बंदूक. पॉइंट टू-टूची, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढणारी. हिच्याबद्दल लांबण लावणार आहे. वकीलबाईंना नको असेल तर त्यांनी हे पान गाळून वाचावे.

माझी जुनी बंदूक आता मला चालत नाही, कारण नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा माशीएवढा ठिपका डागात बुडतो. मॅरलिससाठी नवी घ्यायला आम्ही ल्युइसटाउनला गोर्डीच्या दुकानात गेलो. तिथे कुंपणाचे खिळे घ्यायला डेलबर्ट आला होता. खिळे राहिले बाजूला आणि तो आमच्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"सेमी-ऑटोमॅटिक?" तो म्हणाला. "वहिनी, पहिल्या गोळीची खात्री नसते त्याला लागतं ते. भराभर चाप ओढायचा आणि बाकी देवावर सोडायचं."

"भावजी, तुमच्याकडचे गोफर रांग लावून एकेक येत असतील," मी म्हटले. "आमच्याकडे टोळकंच्या टोळकं उभं राहतं. एक पडला की बाकीचे गुल."

"शिवाय मी डावखुरी आहे, काका," मॅरलिस म्हणाली. "साध्या बंदुकीत गोळी चढवायचा बोल्ट, म्हणजे दांडा, असतो उजवीकडे. दर गोळीला हात वरून पलीकडे न्यायचा, तोवर नजर हलली."

"आणि रिकामं काडतूस नाकासमोरून उडेल ते?"

"चष्मा आहे की मला. तो काय शोभेला लावलाय?"

गोर्डीने बारीक, वेगवान गोळीची एक नवी बंदूक पुढे सरकवली. ती गोळी विनेटला मिळत नाही, आणि आमच्या वाऱ्यात इतकी हलकी गोळी कुठे भटकेल याचा नेम नाही. मला माझ्या जुनीसारखी हवी होती, नळीखाली लांब नळकांडे असलेली. पुष्कळ गोळ्या मावतात, सारखे भरायला नको. मॅरलिसने ती हातात घेऊन परत ठेवली आणि सुट्या मॅगझिनची, म्हणजे गोळ्यांची डबी खालून बसवायची, दुसरी उचलली.

"मावशी, शेतापर्यंत फाटकंच फाटकं. दर फाटकाला बंदूक रिकामी करून उतरणार कोण? मीच. नळकांडं रिकामं आहे का बघायला सगळं ओतत बसायचं. हिचं मॅगझिन काढलं, खिशात टाकलं, आत बोट घालून बघितलं की झालं."

डेलबर्ट हसला. "गोफर मारायला चाललीस की फाटकं उघडायला?"

तीच घेतली. या बंदुकीचे खाण्याचे नखरे आहेत. स्वस्तातली सावकाश गोळी दिली की अडकते. जी तिला चालते तिची पेटी मी कपाटात ठेवली आहे. दुसरी आणू नये.

मागच्या रविवारी आम्ही खालच्या शेतात गेलो. डेलबर्ट दुर्बीण घेऊन बोलावल्याशिवाय हजर. मॅरलिसने गाडीच्या बॉनेटवर कोट गुंडाळून ठेवला आणि डाव्या खांद्याला बंदूक लावली. मला गोफर दिसत नव्हते, मी आवाजावर होते. फट, थोडे थांबून फट, मग दोन लागोपाठ. डेलबर्ट काही बोलेना, यावरून मला कळले की लागत होते. आणि एकदम आवाज बंद.

"अडकली का?" मी विचारले.

"नाही."

"पंपाजवळच्या बिळावर उभा आहे की एक," डेलबर्ट दुर्बिणीतून बघत म्हणाला. "चांगला मोठा आहे. मार."

"थांबा."

माझ्याने कुठले थांबवते! "अगं मार की! पळेल तो!"

तिने मॅगझिन काढले. चेंबर उघडून बघितले. मग म्हणाली, "मावशी, त्याची मान वळली. पार मागे. गोफरची अशी वळत नाही. घुबड आहे ते."

आमच्याकडे बिळात राहणारे घुबड असते. दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभे असते, उंची तीच, रंग तोच. ते टोळ आणि उंदीर खाते, आणि त्याला मारायला कायद्याने बंदी आहे. नील्सने अशी एक जोडी त्याच पंपाजवळ बरीच वर्षे सांभाळली होती. तिथे तो गवत कापायचे यंत्र वळसा घालून न्यायचा. डेलबर्ट रोडिओ सोडून परत आल्यावरच्या एका वसंतात त्यातली मादी बिळाशी मेलेली सापडली, छातीत एकच गोळी. त्या दिवसांत या शेतात बंदूक घेऊन तिघेच फिरत होते. मारणारा नील्स नव्हता, मी नव्हते. डेलबर्ट म्हणाला, "थंडीनं मेलं असेल." नील्स मरेपर्यंत भावाच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट बघत राहिला. ते वाक्य आले नाही. मला त्याचा अजून राग येतो आणि तो मी कोणाला वारसाने देणार नाही, बरोबर नेईन.

रविवारी डेलबर्टने बराच वेळ दुर्बीण खाली केली नाही. मग "घुबडच आहे" एवढे म्हणाला आणि घरी निघून गेला.

ही बंदूक मॅरलिसची.

फर्नची गाडी आली. दुसरे साक्षीदार आमचे गुरांचे डॉक्टर, त्यांचा निरोप आला आहे की कोणाची तरी गाय अडली आहे, ते येत नाहीत. फर्नच्या मागे डेलबर्टची गाडी आहे. आता हा कशाला आला?

पुढचे मी तासाभराने लिहीत आहे. डेलबर्ट दारातच उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "एक साक्षीदार कमी आहे असं फर्न वाटेत म्हणाली. मी करतो सही."

"तुम्हाला नाही चालत, भावजी. कलम चारमध्ये तुमचं नाव आहे. अर्धं शेत."

"मग खोडा ते."

"आणि उद्या न्यायालयात जाल!"

"साक्षीदार म्हणून सही करून कुठं जातोय मी?" तो मॅरलिसकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. "तिला अख्खं लागेल. अर्ध्यात गाई जगत नाहीत. वहिनी, तुम्हाला तर दिसतच नव्हतं. दुर्बीण माझ्या डोळ्याला होती, आणि मी 'मार' म्हटलं."

मॅरलिसने न विचारता त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

कलम चार खोडले आहे. खोडणारा हात माझाच आहे. त्याऐवजी असे वाचावे: खालचे लसूणघासाचे शेत, संपूर्ण, मॅरलिस व्होल्ड हिला. पंपाजवळचा तुकडा कापायचा नाही, यंत्र वळवून न्यायचे.

वर लिहिलेले सगळे मी दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, रागाचा भागसुद्धा. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. डेलबर्टने सहीबरोबर आणखी काही लिहिले आहे. त्याचे बारीक अक्षर माझ्या डागात बुडाले म्हणून मॅरलिसने मला वाचून दाखवले. ते तसेच राहू द्यावे.

मुक्काम विनेट, मे महिन्याचा पहिला शुक्रवार.

आल्मा बर्निस टोर्गर्सन

साक्षीदार:
फर्न ह्रुस्का. (तवा मिळाला.)
डेलबर्ट ओस्कर टोर्गर्सन. नील्सचं घुबड मी मारलं होतं. एकाच गोळीत.