माघातलं ऊन

मी, मृत्युंजय शरणप्पा बिराजदार, वय ४९, धंदा पिठाची गिरणी, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. आधी एका सकाळची नोंद करतो. पुढचं सगळं तिच्यातून आलं आहे.

माघातल्या त्या सोमवारी पत्नी नीलम्माला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लातूरहून घरी आणलं. तिला उन्हाला बसवावं म्हणून सवयीनं खुर्ची घेऊन अंगणात गेलो. शिरीषाचं झाड जागेवर नव्हतं. वर पत्रे होते, खाली धाकटा भाऊ भीमाशंकर याची कार.

"पाला लई पडून राहिला होता, दादा," तो म्हणाला. "अन् झाड तोडायच्या अर्जावर सही तुमचीच हाय."

सही माझीच होती. लाइटच्या मीटरसाठी म्हणून त्याला कोऱ्या कागदावर करून दिलेली. वडील गेले तेव्हा शेत त्याला, घर मला, अशी वाटणी झाली. त्या दिवशी शेतातल्या त्यांच्या समाधीवर बेल वाहून दोघांनी शब्द दिला होता, त्यांनी लावलेलं झाड तोडायचं नाही.

आम्हा लिंगायतांत देह पुरतात, जाळत नाहीत. माझ्या मरणालाही त्या झाडाची काडी लागली नसती.

१. घर व गिरणी नीलम्माची, तिच्यानंतर मुलगी शिवानीची.

२. पश्चिमेच्या दोन खोल्या भीमाशंकरच्या नावे करायचं ठरवलं होतं. ते रद्द. हयातभर त्यानं तिथं राहावं, कोणी त्याला ऊठ म्हणू नये. मालकी मात्र नाही.

३. माझी समाधी वडिलांशेजारी नको. ते शेत आता त्याचं आहे, आणि मला त्याची परवानगी मागायची नाही. गावच्या रुद्रभूमीत जागा द्यावी. हातात इष्टलिंग असलं की पुरे.

४. अंगणातलं नवं झाड कोणीही तोडू नये. ते निवडायला मी उदगीरला रईसाबींच्या रोपवाटिकेत गेलो होतो. त्या म्हणाल्या, "करंज घ्या भाऊ. सावली गच्च, कचरा कमी." मी कडुलिंब उचलला. खरं लिहितो, त्याचा पाला भावाच्या ओसरीवर पडत राहावा, एवढ्यासाठीच.

"झाडाखाली बसणार कोण?" त्यांनी विचारलं.

"बायको."

मग लिंब खाली ठेवला. माघात उघडं पडून ऊन खाली सोडणारं, अन् वैशाखात सावली देणारं झाड मागितलं.

"मग शिरीषच की. पण शेंगा लई वाजतात."

वाजू द्या म्हणालो.

आज सकाळी पूजा करून पत्रे उतरवले.

"दादा, गाडी कुठं लावू?"

"कुठंबी लाव. सही मागू नको."

जुन्या बुंध्याला लागून शिरीष लावला. नीलम्मानं खुर्चीवरूनच तांब्या पुढं केला.

या कागदावर सही सगळ्यात शेवटी केली आहे. उरलेली कोरी जागा रेघा मारून बंद केली आहे.

मृत्युंजय शरणप्पा बिराजदार (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. वाजिद महेबूब शेख (सही)
२. सोमेश व्यंकटी पाटील (सही)

जळकोट, सोमवार, ३० जून २०२५